घाम गाळणाऱ्याचे हृदय

पुण्यानुमोदनाच्या पत्रिका आपल्या घरी वरचेवर येतात. आपण तारीख पाहतो, विहाराचे नाव पाहतो आणि पत्रिका कपाटाच्या फटीत खोचून ठेवतो. एकदा या पत्रिकांवर छापलेली वये वाचून पाहावीत. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी ही वये असतातच. पण त्यांच्यामध्ये अठ्ठेचाळीस, बावन्न, पंचावन्न हे आकडेही आता सवयीचे झाले आहेत. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: "अटॅक आला." मागे दहावीतली मुलगी, आय.टी.आय.ला जाणारा मुलगा आणि बंगल्यांवर धुणीभांडी करणारी त्यांची आई.

लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंतच्या आपल्या वस्त्यांमधून एक समजूत अजून पक्की आहे. हृदयविकार हा शेठजींचा रोग. बसून खाणाऱ्याचा, तूपसाखर खाणाऱ्याचा. हमाली करणाऱ्याला, रेल्वेच्या गँगमनला, कंपनीतल्या हेल्परला तो होत नाही. ही समजूत खोटी आहे आणि तिने आपली बरीच माणसे नेली आहेत.

52 देशांमध्ये मिळून केलेला एक मोठा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. झटका आलेले सुमारे पंधरा हजार रुग्ण आणि तेवढीच निरोगी माणसे त्यात तपासली होती. झटक्याशी जगभर बहुतांशी तेच नऊ घटक जोडलेले निघाले. तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळेभाज्या न खाणे, व्यायाम नसणे आणि दारूचे पिणे. काळा-गोरा, हिंदू-मुसलमान, कोणीही असो, यादी तीच. मात्र भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका या आपल्या भागातील माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो असे दिसले; इतर देशांत तो 59 च्या आसपास येतो. ही सहा वर्षे म्हणजे नोकरीची शेवटची सहा वर्षे. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे छप्पर, सगळे याच वर्षांवर अवलंबून असते.

लंडनचे कंडक्टर

व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध कळला तो कामगारांमुळेच. लंडनमध्ये दुमजली बसगाड्या चालत. डॉ. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तेथील सुमारे एकतीस हजार वाहतूक कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या आणि 1953 साली त्याचा निष्कर्ष छापला. एकाच बसमध्ये दोन माणसे. पगारात, घरात, वस्तीत फारसा फरक नाही. एक दिवसभर सीटवर बसून स्टिअरिंग धरतो. दुसरा तिकिटे फाडत वरखाली करतो, दिवसाला पाचशे-सहाशे पायऱ्या चढतो. कंडक्टरांना झटका कमी येत असे, आला तर उशिरा येई आणि त्यात तत्काळ दगावण्याचे प्रमाणही ड्रायव्हरांपेक्षा बरेच कमी होते. पुढे टपाल खात्यातही असेच दिसले: सायकलवर व पायी पत्रे वाटणारा पोस्टमन टेबलावर बसणाऱ्या कारकुनापेक्षा सुखरूप.

मॉरिस प्रामाणिक माणूस. आपलाच निष्कर्ष त्यांनी उलटा करून पाहिला. ड्रायव्हर होणारे मुळातच जाड असतील तर? म्हणून त्यांनी बस कंपनीच्या गणवेशाच्या वह्या काढल्या. कोणाला कोणत्या मापाची पँट दिली याची नोंद त्यांत होती. ड्रायव्हरांच्या कमरेचे माप नोकरीच्या सुरुवातीपासूनच थोडे मोठे होते, हे त्यांनी 1956 मध्ये स्वतःच जाहीर केले. तरीही पुढच्या सत्तर वर्षांत इतक्या ठिकाणी, इतक्या पद्धतींनी तपासणी झाली की चालण्याफिरण्याने हृदय वाचते याबद्दल आता शंका उरलेली नाही. हे डॉक्टर एका गरीब ज्यू निर्वासित कुटुंबातले होते आणि स्वतः नव्याण्णव वर्षे जगले.

कार्ल्याच्या लेण्यांना चढायला सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत. म्हणजे लंडनचा कंडक्टर रोज जवळजवळ दोनदा कार्ला चढत होता. पगारी!

आम्ही तर कष्टच करतो

इथे प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. "अहो, आम्ही दिवसभर राबतो. आम्हाला कसला व्यायाम सांगता?" वस्तीत आरोग्याची गोष्ट काढली की पहिल्या पाच मिनिटांत कोणी तरी हे विचारतोच.

याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की मावळातले काम बदलले. आपले आजोबा-पणजोबा आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातून डोक्यावर ओझे घेऊन स्टेशनाला येत. गुडघाभर चिखलात भाताची लावणी, डोंगरावरून गवताचे भारे, दोन-दोन कोसांवरून पाणी. मग देहूरोडचा लष्करी डेपो आला, तळेगावची एम.आय.डी.सी. आली, 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि लोणावळ्याच्या टेकड्या बंगल्यांनी भरल्या. आज आपला मुलगा काय करतो? सोसायटीच्या गेटवर खुर्चीत बारा तास बसतो. रिक्षा चालवतो, टेम्पो चालवतो. कंपनीत पट्ट्यापुढे एकाच जागी उभा राहून तोच एक नट आवळतो. थकवा पूर्वीइतकाच, किंबहुना जास्त. पण हृदयाला जी हालचाल हवी ती त्यात नाही. रात्रपाळीच्या वॉचमनचा शीण आणि शेतकऱ्याचा शीण हे दोन्ही शीणच असले तरी शरीराच्या हिशोबात ते एक नाहीत.

दुसरे उत्तर जरा कडू आहे. खरोखर ओझी उचलणाऱ्यालाही त्याच्या कष्टांपासून तेवढा फायदा होत नाही जेवढा मोकळ्या वेळी चालणाऱ्याला चालण्यापासून होतो. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक लोकांवर केलेल्या पाहणीत 2021 साली असे दिसले की, फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांचा हृदयाचा धोका कमी होतो, पण कामाच्या जागी जड अंगमेहनत करणाऱ्यांचा वाढतो. कारण असे सांगतात की व्यायामात हृदय थोडा वेळ जोरात चालते आणि मग त्याला विश्रांती मिळते. त्या विश्रांतीत रक्तदाब खाली येतो. सिमेंटची गोणी उचलणारा माणूस श्वास कोंडून ताकद लावतो, त्या क्षणी दाब एकदम चढतो. आणि असे आठ-दहा तास, मध्ये विसावा नाही. हृदयाला व्यायामाइतकीच विश्रांती लागते. श्रीमंताला व्यायाम कमी पडतो, आपल्याला बहुधा दोन्ही कमी पडतात.

कामाचे तास ही आरोग्याची बाब आहे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यातील आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणण्याचा कायदा पुढे आणला आणि तो 1946 साली झाला. आज मावळात कंत्राटदाराच्या हाताखाली बारा तासांची पाळी सर्रास चालते आणि आपण ती नशीब म्हणून स्वीकारतो. युनियन नसेल तेथे हे बोलणे अवघड आहे याची जाणीव आहे. पण आरोग्याच्या लेखात ही गोष्ट लिहायची नाही तर कोठे लिहायची?

मग करायचे काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते ते आठवड्याला 150 मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, झपाझप चालणे. झपाझप म्हणजे किती? चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण भीमगीत म्हणायला गेलात तर दम लागला पाहिजे. इतकी सोपी परीक्षा आहे. सलग अर्धा तास नसेल तर दहा मिनिटे तीनदा. वॉचमनने तासातासाला उठून गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत दोन फेऱ्या माराव्यात; राखण चांगली झाली म्हणून मालकही खूश. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा पावसाळ्यात रस्त्यावर चालणे जमणार नाही. विहार मोकळा असतो. संध्याकाळी वंदना झाल्यावर आतल्या आत पंधरा मिनिटे फेऱ्या मारल्या तर कोणाचे काय जाते?

आणि यात नवे काही नाही. चंक्रमण हा भिक्खूंच्या दिनचर्येचा भाग आहे. चालण्याचे पाच लाभ तथागतांनी सांगितले, ते अंगुत्तर निकायात आहेत. प्रवासाची क्षमता येते, परिश्रमाची क्षमता येते, रोग कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि मिळवलेली चित्ताची एकाग्रता टिकते. भाजे, बेडसे, कार्ला येथे जे भिक्खू राहिले ते हेच करीत असणार. त्या डोंगरांवर दुसरे काही करताच येत नाही.

लोणावळा म्हटले की योगाचे नाव निघतेच. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो याचे प्रयोग उपकरणे लावून सुरू केले. आपल्यातले काहीजण योग म्हटला की नाक मुरडतात, काहीजण त्याला सर्व रोगांवरचे औषध मानतात. दोन्ही टोके नकोत. आसनांनी शरीर लवचिक होते, शांत श्वसनाने ताण हलका होतो, आपली आनापान भावनाही तेच करते. परंतु ज्याला रक्तदाब आहे त्याने शीर्षासन व श्वास कोंडण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, आणि कोणत्याही आसनासाठी बी.पी.ची गोळी बंद करू नये. चढताना छातीत दाटणाऱ्याने कार्ल्याच्या पायऱ्यांचा प्रयोगही करू नये, आधी ई.सी.जी.

साहेब आणि शिपाई

इंग्लंडमध्ये सरकारी कचेऱ्यांतील सुमारे अठरा हजार पुरुषांची पाहणी 1967 मध्ये सुरू झाली. सर्वांना सरकारी नोकरी, सर्वांना मोफत औषधोपचार, उपाशी कोणी नाही. डॉ. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली त्याचे आकडे मांडले तेव्हा लोक चकित झाले. समज असा होता की जबाबदारीच्या ओझ्याने साहेब मरतो. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या पायरीवरचे शिपाई, दारवान हे सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या साडेतीन पट प्रमाणात हृदयविकाराने मरत होते. आणि मधल्या पायऱ्यांवरही तसेच: जितके खाली तितके मरण जवळ. खालचे लोक विड्या-सिगारेटी जास्त ओढत हे खरे. पण विडी, रक्तदाब, चरबी सगळे हिशोबात धरले तरी निम्म्याहून अधिक फरक शिल्लक राहिला.

तो कशाचा? पुढच्या अभ्यासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. ज्याला आपल्या कामावर आपला अधिकार नाही, कधी उठावे, कधी बसावे, काम कसे करावे हे ज्याच्या हातात नाही, त्याचे हृदय लवकर झिजते. ताण फक्त जास्त कामाचा नसतो. दुसऱ्याच्या मुठीत असण्याचा असतो.

मार्मट यांनी जात पाहिलेली नव्हती. पण हे वाचताना आपल्या मनात काय येते ते प्रत्येकाने आठवावे. आडनाव विचारून भाडेकरू नाकारला जातो, बंगल्यावर वेगळा कप ठेवला जातो, कंपनीत परमनंट होण्याच्या वेळी आपला नंबर मागे जातो. असे प्रसंग गिळताना शरीर गप्प बसत नाही. नाडी वाढते, दाब चढतो. एक दिवसाचा चढलेला दाब उतरतो. तीस वर्षांचा मुक्काम करतो. म्हणून ज्या घरात वडील रागीट आहेत असे आपण म्हणतो, तेथे एकदा त्यांचा रक्तदाब मोजावा.

आईच्या ताटातून

आता एक असा शोध, जो आपल्याच जिल्ह्यातला आहे. इंग्लंडच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांनी 1989 साली दाखवले की जन्मताना वजन कमी असलेली मुले मोठेपणी हृदयविकाराने जास्त मरतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर शेतकरी व मजूर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेल्या बाळांचे वजन सरासरी 2.7 किलो भरले, इंग्लंडच्या बाळांचे साडेतीन. आपले बाळ हडकुळे, हातपाय काडीसारखे. पण नीट मोजल्यावर असे दिसले की स्नायू कमी असूनही चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच होती. बारीक पण चरबीचे, असे हे बाळ. मोठे झाल्यावर थोडे जास्त खायला मिळाले, बसून काम मिळाले, की त्याचे पोट सुटते, साखर वाढते, मग हृदय.

म्हणून "माझे वजन तर पंचावन्न किलो, मला काय होणार?" हे म्हणणे आपल्याला लागू पडत नाही. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप खरे बोलते. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर पुरुषाचा 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रीचा 80 सेंटीमीटरच्या वर गेला की सावध व्हावे.

त्याच खेड्यांतून आणखी दोन गोष्टी कळल्या. ज्या गरोदर बाया पालेभाज्या, फळे व दूधदुभते वारंवार खात, त्यांची बाळे भरदार होती. आणि ज्यांना पोटुशी असताना जड कामे करावी लागत, त्यांची बाळे लहान होती. घरात सर्वांचे जेवण झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेले आमटीचे पाणी आणि अर्धी भाकरी खाणारी सून, ही आपल्या घरांतील रीत अजून गेलेली नाही. तिच्या ताटात आज जे पडत नाही त्याची वसुली पन्नास वर्षांनी तिच्या मुलाच्या छातीतून होते. 28 जुलै 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी स्त्री-कामगारांच्या विश्रांतीचा खर्च मालकाने व सरकारने उचलावा अशीच भूमिका घेतली होती. सासूबाईंनीही तेवढी विश्रांती द्यावी, एवढेच पुढे जोडतो.

ताटात काय

खाण्याच्या बाबतीत आपल्या समाजात एक न्यूनगंड पेरलेला आहे. मांसाहार केला म्हणून रोग झाला, शाकाहारी व्हा म्हणजे बरे व्हाल, असे ऐकवले जाते. शुद्ध शाकाहारी घरांतही हृदयविकार भरपूर आहे. डालडा, साबुदाणा, साखर आणि तळण सगळे शाकाहारीच असते. मटण-मासळी खाल्ली म्हणून लाज वाटण्याचे कारण नाही. पण रश्श्यावर बोटभर तेलाचा तवंग आला म्हणजेच कालवण जमले, हा हिशोब सोडावा. चार माणसांच्या घराला महिन्याला दोन-अडीच लिटर तेल पुरे. एकदा तळलेले काळपट तेल पुनःपुन्हा वापरू नये. वडापावच्या गाडीवर नेमके तेच असते. वनस्पती तुपातील घातक चरबीवर सरकारने 2022 पासून कडक मर्यादा घातली आहे, तरी सुट्ट्या मालावर भरवसा ठेवू नये.

मावळ म्हणजे इंद्रायणी तांदूळ. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात हा वाण तयार झाला आणि 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आला. वास असा की नुसत्या मिठाबरोबर भात संपतो, आणि अडचण तीच आहे. पांढरा, पॉलिश केलेला भात ताटभर आणि त्यावर पळीभर डाळ, हे उलटे करायला हवे. भात निम्मा, डाळ-उसळ दुप्पट, बाजूला पालेभाजी. आपल्या डोंगरउतारावर नाचणी व वरई पिकते, ती गरिबाची म्हणून मागे पडली आणि आता शहरात महाग पुडीत विकली जाते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी फुकट मिळते. ओळखणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत तोवर मुलींनी शिकून घ्यावे.

मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढेच असावे. त्यात लोणचे, पापड, खारवलेली मासळी, फरसाण सगळे आले. जेवताना वरून मीठ घेण्याची सवय पहिली सोडावी. चहाचे असे की दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली तर बारा चमचे साखर नुसती चहातून जाते. आपल्या लोणावळ्याच्या चिक्कीबद्दल विचाराल, तर शेंगदाणा चांगला, गूळ मात्र साखरेचाच भाऊ. मधुमेहवाल्याने शेंगदाणेच खावेत, भाजलेले आणि मूठभर.

भोजनाची मात्रा राखावी हे तथागतांनी कोसलच्या राजाला सांगितले होते. राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे आला. त्यांनी त्याला उपास सांगितला नाही की नवस सांगितला नाही. भान ठेवून, मोजके खावे एवढेच सांगितले. राजाने सुदर्शन नावाच्या एका तरुणाला रोज शंभर कार्षापण देऊन जेवताना ते शब्द म्हणून दाखवण्याच्या कामावर ठेवले. हळूहळू तो नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. आपल्याकडे शंभर कार्षापण नाहीत. हे काम घरातल्या शाळकरी मुलीला द्यावे, ती फुकट आणि जास्त कडकपणे करील.

तंबाखूबद्दल थोडक्यात. विडी-सिगारेट सोडल्यापासून वर्षभरात झटक्याचा जास्तीचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. इतका झटपट गुण देणारे औषध दुकानात मिळत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी कोठे मिळते ते लहान पोरालाही ठाऊक असते. आणि बायांची मशेरी. दात घासायला म्हणून सकाळी, मग दुपारी, मग डोके दुखते म्हणून रात्री. तीही तंबाखूच आहे, तिनेही दाब चढतो. दारूविषयी पाचवे शील घेतलेल्या वाचकांना या पानावर वेगळे सांगायला नको. फक्त रविवारी शील घेताना शनिवारची रात्र आठवावी.

गॅस नव्हे

शेवटचे आणि सर्वांत तातडीचे. रात्री दोन वाजता छातीत दाबल्यासारखे होते. घाम सुटतो. बायको म्हणते, "अहो, दवाखान्यात जाऊ या." तो म्हणतो, "गॅस आहे गं, जरा सोडा आण." सोडा येतो, ओवा येतो, छातीला बाम लावला जातो. पहाट होते.

देशातील 50 शहरांतल्या रुग्णालयांत झटका आलेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी 2008 साली छापून आली. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला जबर झटक्याच्या रुग्णांनाही कित्येक तास लागले होते. झटका आल्यानंतर महिन्याभरात श्रीमंत रुग्णांपैकी शेकडा साडेपाच दगावले, गरिबांपैकी शेकडा आठाच्या वर. रोग एकच, फरक उपचारांचा. तज्ज्ञांनी उपचारांतला भेद हिशोबातून काढून पाहिला तेव्हा श्रीमंत-गरिबांतील मरणाचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. गरिबाचे हृदय कमकुवत नसते, त्याला औषध पोहोचत नाही.

रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत चांगले काम करते. तेव्हा छातीच्या मध्यभागी दडपण, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, गार घाम, दम लागणे, यातले काही वीस मिनिटे टिकले तर तो झटकाच समजावा. स्त्रियांना आणि मधुमेहींना कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळते, पोटाच्या वर दुखते, अंगातले त्राण जाते. बाई "काही नाही, दमले" म्हणून पदर खोचून उभी राहते आणि घरचे विश्वास ठेवतात.

अशा वेळी रुग्णाला चालवू नये, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये. राज्यात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, फोन फुकट लागतो. फोनवरील डॉक्टरने सांगितले तर ॲस्पिरिनची गोळी चावून खावी. रक्तस्रावाचा आजार किंवा ॲलर्जी असल्यास सांगावे. गाडीला उशीर होणार असेल तर वस्तीतली रिक्षा किंवा जीप काढावी. कोणाकडे आहे, रात्री तो दार उघडतो का, ई.सी.जी. आणि ते इंजेक्शन चोवीस तास असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, ही चौकशी आजच करून फोन नंबर विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. पहिला ई.सी.जी. चांगला आला तरी त्रास चालू असेल तर घरी परतू नये, दुसरा काढायला सांगावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी व बायपास होते, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत घालून दाराजवळ टांगावे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट 2023 पासून तपासणी व औषधे मोफत आहेत. रक्तदाबाची गोळी तेथे मागून घ्यावी आणि बरे वाटले म्हणून मधेच सोडू नये. बी.पी. बहुतेकांना जाणवत नाही, म्हणून तिशीनंतर वर्षातून एकदा मोजायचाच. 140/90 च्या वर आकडा टिकला तर डॉक्टर गाठायचा.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने त्यांना अखेरची वर्षे फार त्रास दिला. तळेगाव दाभाड्याला त्यांचे घर होते, ते आज स्मारक आहे. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडच्या विहारात त्यांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली तेव्हा पुढची दोनच वर्षे हातात होती. त्या दिवशी दरवर्षी देहूरोडला मावळभरातून माणसे येतात. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल, दोन खुर्च्या, रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणि आपल्याच समाजातील नर्सिंग शिकलेल्या दोन मुली, एवढ्यात दिवसभरात शे-दोनशे माणसे तपासून होतील. मंडळांनी एवढे करावे. मोजण्यापूर्वी माणसाला पाच मिनिटे खुर्चीत टेकून बसू द्यावे, कारण गर्दीतून चालत आलेल्याचा आकडा जास्त दाखवतो. जास्त आला तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात द्यावेत.